खुर्चीमागचे हुजरेअण्णा

हुजरेअण्णा खोलीत आहेत हे कळायला मला पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं लागली. बेंगळुरूतल्या व्हाइटफील्डच्या एका मोठ्या बंगल्यात घरव्यवस्थापक म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली, दोन हॉटेलांत सहा वर्षं काढलेली, आणि आपल्याला सगळं येतं अशी पक्की खात्री असलेली. घराच्या मालकीणबाई, म्हणजे मॅडम, मला जेवणघर दाखवत होत्या आणि मी वहीत टिपून घेत होते. मध्येच त्या मान न वळवता म्हणाल्या, "अण्णा, पाणी." माझ्यापासून चार फुटांवर, पांढऱ्या बंद गळ्याच्या कोटातला एक उंच, सडसडीत म्हातारा हलला आणि दोन पेले घेऊन पुढे आला. मी चांगलीच दचकले. हा माणूस आम्ही आत आलो तेव्हापासून तिथेच उभा होता.

येणारेजाणारे त्यांना बटलर म्हणत. अण्णा कुणाची चूक सुधारत नसत, पण मला मात्र दुसऱ्याच दिवशी त्यांनी फरक समजावला. "बटलर वेगळा, अक्का. त्याच्याकडे कोठी, किल्ल्या, माणसं. ते तुम्ही. मी हुजऱ्या. दार उघडायचं, पाहुण्याला आत आणायचं, खुर्चीमागे उभं राहायचं, वाढायचं, आणि परत गाडीपर्यंत सोडायचं. तेवढंच." अडुसष्ट वर्षांचा माणूस मला, एकतीस वर्षांच्या पोरीला, अक्का म्हणतो याचा मला संकोच वाटला. तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "वयानं नाही म्हणत. किल्ल्या तुमच्याकडे आहेत म्हणून म्हणतो."

अण्णांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. आजोबा, वडील आणि ते स्वतः, तिघांनीही एका छोट्या संस्थानाच्या बेंगळुरूमधल्या बंगल्यात हुजरेगिरी केली. संस्थान केव्हाच गेलं होतं, पण राणीसाहेब होत्या तोवर त्या घरातला रिवाज चालू होता. त्या गेल्यावर परदेशातल्या वारसांनी बंगला विकला. आमच्या साहेबांनी त्या घरातलं शिसवी जेवणाचं टेबल आणि खुर्च्या विकत घेतल्या. टेबल सात तुकड्यांत आलं. ते कसं जोडायचं हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, म्हणून तो माणूस टेबलाबरोबर आला आणि साहेबांनी त्याला परत जाऊ दिलं नाही.

त्या घरात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. अण्णांची मराठी मला आधी गमतीची वाटली. तिच्यात जुने ठसठशीत शब्द आणि कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं, 'सरी' म्हणजे ठीक, 'बेडा' म्हणजे नको, असं सगळं एका ताटात नांदे. इंग्रजीने भरलेली माझी मराठी त्यांना कशी वाटत होती कोण जाणे. एकदा मी "प्लेटिंगचा फ्लो इम्प्रूव्ह करायला हवा" असं म्हटल्यावर ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे ताटं लवकर न्यायची का?"

त्यांचं उभं राहणं हा बघण्याचा विषय होता. टेबलाच्या डोक्याकडच्या खुर्चीमागे, डाव्या अंगाला दोन पावलं, हात पाठीशी. तास-दोन तास ते तसे उभे असत, पण कधी अवघडलेले दिसत नसत. मी एकदा त्याचं मर्म विचारलं. "भिंतीला टेकायचं नाही, खुर्चीला टेकायचं नाही," ते म्हणाले, "आणि मुख्य म्हणजे हे केव्हा संपेल असं मनात आणायचं नाही. ते मनात आलं की पाय लगेच दुखतात." मी घरी जाऊन स्वयंपाकघरात अर्धा तास तसं उभं राहून पाहिलं. बाराव्या मिनिटाला ओट्याला टेकले.

फाटकातून गाडी आत वळली की आवाजावरून त्यांना पाहुणा कळे. बेल वाजायच्या आत दार उघडलेलं असे. बेल वाजणं हा ते स्वतःचा पराभव समजत. कोण काय खात नाही, कुणाला गुडघ्यामुळे खोल सोफा चालत नाही, कुणाचं कुणाशी सध्या बरं नाही, हे सारं त्यांच्या डोक्यात. साहेबांच्या कंपनीतली तरुण मंडळी येत, त्यांची पहिली गरज वायफायची. अण्णांनी तो अठरा अक्षरी पासवर्ड पाठ केला होता. पाण्याचा पेला पुढे करताना किंचित वाकून तो ते पाहुण्याच्या कानात अशा अदबीने सांगत की ऐकणारा आपोआप ताठ बसे.

माझा त्यांच्याशी खरा परिचय माझ्या एका चुकीमुळे झाला. दुपारच्या जेवणाला एक वयस्कर वकील आले होते. अण्णा सगळ्यांना डावीकडून वाढत होते आणि या वकिलांना मात्र उजवीकडून. वाढायचं ते डावीकडून, असं मी शिकलेले. मी डोळ्यांनी खूण केली. अण्णांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि ते निमूट डाव्या बाजूला गेले. वकीलसाहेब डावखुरे होते. त्यांचं कोपर अण्णांच्या हातातल्या पळीला लागलं आणि सांबार त्यांच्या बाहीवर सांडलं. मॅडमचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार एवढ्यात अण्णा म्हणाले, "क्षमा असावी. चूक माझी." नंतर मी पँट्रीत, म्हणजे स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामधल्या ताटं मांडायच्या खोलीत, त्यांची माफी मागायला गेले. ते चमचे पुसत होते. म्हणाले, "तुमच्या पुस्तकात डावखुरा माणूस नसेल, अक्का. टेबलावर असतो. आधी माणसाचा हात बघायचा, मग बाजू ठरवायची." मॅडमना सांगून टाकते म्हटलं तर म्हणाले, "बेडा. मला एक बोलणं खाल्ल्यानं काही होत नाही. तुम्ही नव्या आहात."

मान त्यांना होता, पण तो मिरवायला ते तयार नसत. एका मेजवानीच्या आधी मॅडमनी त्यांच्यासाठी जरीचा फेटा आणि छातीवर लावायला मोठा बिल्ला मागवला. फोटोग्राफर येणार होता. अण्णांनी फेटा हातात घेऊन पोत पाहिला आणि म्हणाले, "पाहुण्यासाठी घालीन. फोटोसाठी नाही घालणार." मॅडम हसल्या, पण बिल्ला परत गेला. अण्णा फेटा बांधून दारात उभे राहिले आणि फोटोग्राफर समोर आला की हलकेच पाहुण्याच्या आड जात राहिले. त्या दिवशीच्या दोनशे फोटोंत अण्णा कुठेच नाहीत.

राणीसाहेबांच्या घराविषयी मात्र ते अवाक्षर बोलत नसत. मला फार उत्सुकता होती. कोण येत असे, काय बोलत, भांडणं होत का. मी आडून विचारलं, सरळ विचारलं, एकदा म्हैसूरपाक देऊन विचारलं. म्हैसूरपाक त्यांनी खाल्ला. "त्या घरातलं त्या घरात," एवढंच म्हणाले.

आता साहेबांच्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण अण्णांची खरी ओळख मला त्यांच्यामुळे झाली. घरात सगळे त्यांना अज्जा म्हणत. बेंगळुरूजवळ होसकोट्याला लेथ मशीनच्या छोट्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं होतं. केसाच्या जाडीचं माप धरणारे हात, असं साहेब अभिमानाने सांगत. तेच हात आता थरथरत असत. एका वाढदिवसाच्या जेवणात त्यांच्या हातातली वाटी कलंडली आणि कढत सारू, म्हणजे इकडचं सार, शेजारच्या बाईंच्या साडीवर गेलं.  टेबलाच्या टोकाला कुणीतरी हसलं. अज्जा रुमाल ठेवून उठले ते वर गेले, आणि त्यानंतर आठ महिने खाली जेवायला आले नाहीत. अण्णा रोज दोन्ही वेळा त्यांचं ताट वर घेऊन जात आणि तासभर खाली येत नसत.

त्या उन्हाळ्यात साहेबांच्या मुलीचा साखरपुडा ठरला. घरीच, दुपारचा. बागेत सत्तर माणसं आणि आत मोठ्या टेबलावर दोन्ही घरची बारा जवळची मंडळी. बसण्याचा तक्ता मी तयार केला, मॅडमनी तपासला. त्यात अज्जांचं नाव नव्हतं. "ते आशीर्वादाला दहा मिनिटं येतील आणि वर जातील," मॅडम म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना भीती वाटत होती, आणि ती अज्जांसाठीही होती. "पुन्हा तसं झालं तर त्यांना सहन व्हायचं नाही."

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. तीन वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. "अक्का, बाराच्या तेरा खुर्च्या करा."

"मॅडमनी नाही म्हटलंय, अण्णा."

"अज्जा जेवू शकतात. मी बघतो ना रोज. जड चमचा दिला की हात स्थिर राहतो. सारू वाटीत नाही, कानाच्या कपात अर्धं द्यायचं. चपाती आतूनच तुकडे करून आणायची. पेला बुडाला जाड, आणि अर्धाच भरायचा. आठ महिने आम्ही वर हेच करतोय. नातीच्या साखरपुड्याला खाली बसायचं म्हणून ते शिकतायत."

 मला नोकरी दिसत होती, समोर म्हातारा दिसत होता. अण्णांनी दार लोटलं आणि पहिल्यांदाच, न विचारता, ते आत येऊन उभे राहिले.

"एक सांगतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. राणीसाहेबांना शेवटची दोन वर्षं डोळ्यांनी दिसत नव्हतं. काहीच नाही. दर आठवड्याला पाहुणे जेवायला यायचे. मी वाढताना तोंडातल्या तोंडात सांगायचो, भात समोर, भाजी उजवीकडे, उजवीकडचे पाहुणे हात जोडतायत. दोन वर्षांत कुणाला कळलं नाही. त्यांच्या मुलालासुद्धा नाही." ते दाराकडे बघून पुढे म्हणाले, "त्या घरातलं बाहेर काढलं मी आज. तुम्हाला पटावं म्हणून काढलं."

मी मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं, राणीसाहेबांचं सोडून. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या दिवशी मला प्रयोग नकोत." मी येऊन अण्णांना सांगितलं. "सरी," ते म्हणाले आणि चमचे पुसायला लागले.

साखरपुड्याच्या दिवशी सगळं नीट पार पडलं. अंगठ्या झाल्या, अज्जा रेशमी धोतर नेसून अण्णांच्या हाताला धरून खाली आले, नातीच्या डोक्यावर हात ठेवला. जेवणघरात मंडळी आपापल्या जागी बसू लागली. अज्जांना घेऊन अण्णा जिन्याकडे वळले, तेवढ्यात मुलाकडच्या आजी कन्नडमध्ये मोठ्याने म्हणाल्या, "अज्जा आमच्याबरोबर नाही का बसत?"

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "त्यांना जरा विश्रांती..." अज्जा खाली बघत होते. आणि अण्णांनी वळून, चार पावलं चालत येऊन, टेबलाच्या डोक्याकडची खुर्ची मागे ओढली. ती साहेबांची जागा होती. साहेब तिच्या शेजारी उभेच होते. अण्णा कन्नडमध्ये अगदी स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यावं, अज्जा. पान मांडलंय."

पान मांडलेलं होतं, पण ते साहेबांचं. मी पँट्रीत धावले. तिथे तेरावी खुर्ची होती. सकाळी मीच आणून ठेवली होती.  मी ती साहेबांसाठी कडेला लावली, तेरावं पान मांडलं, आणि मॅडमच्या नजरेला नजर न देता भिंतीशी जाऊन उभी राहिले.

पुढचा दीड तास मी आयुष्यात विसरणार नाही. अज्जांपुढे जड चमचा होता, बुडाला जाड पेला होता, कपात अर्धं सारू होतं. हे सगळं अण्णांनी केव्हा आणि कसं बदललं हे मला, तिथे उभी असूनही, दिसलं नाही. वाढताना त्यांचा डावा हात अज्जांच्या कोपराखाली जाई, रुमाल सारखा केल्यासारखा, आणि घास तोंडापर्यंत पोचला की निघून येई. कोशिंबीर झाली, बिसी बेळे भात झाला. अज्जा मुलाकडच्या आजींना कारखान्यातले किस्से सांगायला लागले. टेबल हसत होतं. ओब्बट्टू, म्हणजे इकडच्या पुरणपोळ्या, आल्या, त्यांच्यावर तूप वाढलं गेलं, आणि तेवढ्यात अज्जांच्या हातातला पेला ताटाच्या कडेवर खडखडायला लागला. पाणी हिंदकळलं. पाहुण्यांपैकी दोघांचे डोळे तिकडे वळायला लागले होते.

अण्णांच्या हातातलं चमच्यांचं तबक खाली पडलं. फरशीवर वीस-बावीस चमचे. सगळं जेवणघर दणाणलं. बाराही माणसांनी अण्णांकडे पाहिलं. "क्षमा असावी," अण्णा म्हणाले, "म्हातारपण." ते सावकाश एका गुडघ्यावर बसून चमचे गोळा करू लागले. लोकांनी पुन्हा टेबलाकडे पाहिलं तेव्हा अज्जांपुढे कोरडा रुमाल होता, पेला जागेवर होता, आणि ते पुरणपोळीचा तुकडा मोडत होते. पेला मीच सावरला होता. इतक्या दिवसांत अण्णांच्या हातून साधी सुरीसुद्धा पडलेली मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी आम्हा दोघांना जेवणघरात बोलावलं. मॅडमही होत्या. "तुम्हाला सांगितलं होतं," साहेब म्हणाले.

"हो, सांगितलं होतं," अण्णा म्हणाले. "मी ऐकलं नाही. सांगितलेलं न ऐकणारा हुजऱ्या घरात ठेवू नये. मी आजच निघतो. अक्कांचा यात काही दोष नाही, खुर्ची मी आणायला लावली."

हे धादांत खोटं होतं. "मी आणली, सर," मी म्हटलं. "मला कुणी सांगितलं नव्हतं." माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला.

 तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अज्जा, एकटे, कठड्याला धरून खाली येत होते. ते येऊन टेबलाशी बसले. आम्ही काय बोलत होतो याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. "अण्णा," ते म्हणाले, "इडली आहे का?"

साहेब वडिलांकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःची खुर्ची त्यांच्या जवळ ओढली आणि बसले. "दोन पानं घ्या," एवढंच ते अण्णांना म्हणाले. मॅडम पँट्रीत गेल्या. थोड्या वेळाने मी आत गेले तर त्या कपाटात हात घालून जड चमचे शोधत होत्या. "कुठले ते, दाखव मला," म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते.

त्यानंतर अण्णा दोन वर्षं त्या घरात होते. अज्जा गेले त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत खालीच जेवले. पुढे एकदा वाढताना अण्णांचा स्वतःचा गुडघा लचकला. कुणाच्याही लक्षात आलं नाही, पण त्यांच्या आलं, आणि त्याच आठवड्यात त्यांनी निरोप घेतला. साहेबांनी, बसून नुसती देखरेख करा, असं सुचवलं. "हुजऱ्या बसला की तो पाहुणा होतो," असं म्हणून अण्णा होसकोट्याला मुलीकडे राहायला गेले.

वर्षभराने मीही ती नोकरी सोडली. आता बेंगळुरूतच सर्जापूर रोडवर ज्येष्ठांच्या एका निवासातलं भोजनगृह मी चालवते. नव्वद माणसं जेवतात. खोलीत ताट पाठवण्याची पद्धत मी पहिल्याच महिन्यात बंद केली. अगदीच अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर गोष्ट वेगळी. बाकी सगळे खाली येतात आणि ज्याच्या हाताला जे भांडं मानवतं ते त्याच्या जागेवर आधीच मांडलेलं असतं. वाढणाऱ्या मुलींना मी पहिले तीन दिवस वाढू देत नाही. फक्त लोकांचे हात बघायला लावते.

गेल्या दिवाळीनंतर अण्णांना मी ते बघायला बोलावलं. मुलीने रिक्षाने आणून सोडलं. काठी टेकत त्यांनी सगळं भोजनगृह पाहिलं, चमचे उचलून वजन बघितलं, मान डोलावली. माझी छाती फुगली होती. मग ते थांबले. "त्या कोपऱ्यातल्या बाई एकट्या का?"

"त्यांना ऐकू येत नाही, अण्णा. यंत्र लावत नाहीत. कुणाबरोबर बसवलं तरी उठून तिथेच जातात. त्यांना आवडतं एकटं."

 अण्णांनी त्या बाईंच्या मागे जाऊन त्यांना काय दिसतं ते पाहिलं. मग समोरची खुर्ची ओढून तिच्यावर बसले, उठले, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. मला हाताने बोलावलं. "अक्का, यांच्यासमोर खिडकी आहे. समोर बसणाऱ्याच्या पाठीवर उजेड, तोंडावर अंधार. ओठ दिसत नाहीत, मग कळणार कसं? जागा बदला." मग त्यांनी बाईंना हात जोडले, त्यांच्या कलाने खुर्ची फिरवली, उजेडाकडे तोंड करून स्वतः समोर बसले, आणि कन्नडमध्ये सावकाश, एकेक शब्द सुटा करत, विचारलं, "आज सारू कसं झालंय?"

बाई त्यांच्या ओठांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीठ कमी." आठ महिन्यांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. दोघं मिळून पाऊण तास माझ्या स्वयंपाकातल्या चुका काढत होते.

माघात अण्णा गेले. झोपेतच, मुलीच्या घरी. मी होसकोट्याला जाऊन आले आणि दुपारच्या जेवणाला परत हजर झाले. त्या बाई आता मधल्या टेबलावर बसतात, खिडकीकडे पाठ करून. चार जणी त्यांच्याबरोबर असतात आणि त्यांच्याकडे तोंड करून सावकाश बोलतात. मी दारात उभी होते. बाईंनी माझ्याकडे पाहून बोटाने बोलावलं आणि सगळ्या भोजनगृहाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं की आज मीठ बरोबर आहे.